काट्यावर न आलेल्या गाडीचा नंबर

या पानावर लोक आपापले अनुभव लिहितात, ते मी न चुकता वाचतो आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वेळा हसत वाचतो. माझा धंदाच तसा आहे. नांदेडला वजिराबादेत एका जिन्याखाली माझं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. "सर, मशीनमध्ये कायतरी आहे हो," असं दबक्या आवाजात सांगणारं गिऱ्हाईक महिन्याला एक तरी येतं. उघडून बघितलं की आत पाल निघते, मुंगळ्यांचं वारूळ निघतं, एकदा तर उंदराची चार पिल्लं निघाली – डोळेसुद्धा न उघडलेली. भूत मात्र कधी निघालं नाही. त्यामुळे भूत-बीत म्हणजे साफसफाईचा कंटाळा, असं माझं ठाम मत होतं.

होतं. आता नेमकं काय आहे ते विचारू नका... वाचा आणि तुम्हीच ठरवा. एक गोष्ट आधीच सांगतो. या प्रकारात मी शहाणा ठरलेलो नाही. म्हणून तर इतकी वर्षं लिहिलं नाही.

सोळा सालचा उन्हाळा. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. उदगीरला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या रस्त्यावर एक डाळ मिल आहे, तिच्या फाटकातच गाड्या तोलायचा मोठा काटा. लोखंडी फळ्यांचा, आख्खा ट्रक वर चढतो असा. बाजूला एक केबिन, केबिनमध्ये कंप्युटर. त्या कंप्युटरची देखभाल माझ्याकडे होती. मिलचे मालक म्हणजे आप्पा. साठीच्या पुढचे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग आणि जिभेवर जिल्हा. म्हणजे उदगीर जिल्हा झालाच पाहिजे, यापलीकडे दुसरा विषय नाही. निवेदन, मोर्चा, उपोषण, सगळ्यात आप्पा पुढे. एक मेला जिल्हा जाहीर होणार अशी त्या वर्षी जोरात हवा होती. प्यायला पाणी नव्हतं, पण जिल्ह्याच्या पाट्या रंगवून तयार होत्या.

एप्रिलमध्ये मी ते मशीन अपग्रेड केलं. नवी सिस्टिम टाकली, तोलाच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती टाकली. पावतीचा मथळा भरत होतो तेवढ्यात आप्पा मागून म्हणाले, "जिल्हा उदगीर टाका."

"आप्पा, अजून झाला कुठं?"

"एक मेला होऊन राहिला. मंग तुमाला परत नांदेडाहून हेलपाटा कशाला? आत्ताच टाका."

मला काय, मी टाकलं. सगळ्या महाराष्ट्रात उदगीर जिल्ह्याचं पहिलं कार्यालय म्हणजे ती काट्याची केबिन, असं मी त्यांना म्हटलंसुद्धा. आप्पा इतके खूश झाले की मला आग्रहानं दोन पेले पाणी पाजलं. त्या उन्हाळ्यात हा मोठा मान होता.

पाच दिवसांनी फोन. "इंजिनियर, तुमचं मशीन सकाळी उठल्या उठल्या शिव्या देऊन राहिलंय."

मुखेडमार्गे एसटीनं मी उदगीरला पोचलो. सकाळी मशीन चालू करताना एक नाही, तीन मेसेज येतात असं कळलं. पहिला साधा होता, कीबोर्डची कुठली तरी कळ दाबलेली राहिली आहे असा. कीबोर्ड बदलला, तरी दुसऱ्या सकाळी तोच मेसेज. मग मी कोपऱ्यात उभं राहून नुसतं बघत राहिलो. आप्पा आले, स्क्रीनला तीन बोटांनी विभूती लावली, उदबत्ती ओवाळली आणि पूजेचं पितळी तबक अलगद टेकवलं... थेट कीबोर्डवर. मग म्हणाले, "हं, करा चालू."

"आप्पा, ते तबक!"

"का? जुनं मशीन कधी काय म्हणलं न्हाई."

जुनं मशीन सहनशील होतं. तबक उचललं, मेसेज गेला. दुसरा मेसेज जुन्या प्रिंटरची एक फाइल सापडत नाही म्हणून यायचा. अपग्रेड करताना मीच ती अर्धवट पुसली होती. गुपचूप नीट केली आणि मशीनमध्ये मोठाच दोष होता असा चेहरा करून चहा प्यालो.

तिसरा मेसेज मात्र वेगळा होता.

त्याआधी काट्याचं काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. भरलेली गाडी काट्यावर येते, तिचं पहिलं वजन होतं. माल उतरवून रिकामी गाडी परत येते, तिचं दुसरं वजन होतं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की माल किती ते कळतं. एखादी गाडी रिकामी होऊन परत आलीच नाही, तर प्रोग्राम आठवण करून देतो की अमुक नंबरच्या गाडीचं दुसरं वजन बाकी आहे. इथपर्यंत ठीक. पण हा मेसेज म्हणत होता – 'सेकंड वेट पेंडिंग', खाली गाडीचा नंबर, आणि त्याखाली 'फर्स्ट वेट रेकॉर्ड नॉट फाउंड'.

म्हणजे गाडीचं परत जाणं बाकी आहे, पण गाडी आल्याची नोंदच नाही.

"अपग्रेडमध्ये जुन्या नोंदी उलट्यापालट्या झाल्या असतील," मी म्हणालो.

काट्यावर बसणाऱ्या सुनंदाताई होत्या. चाळिशीच्या, कामापुरतं बोलणाऱ्या, सात वर्षं त्या खुर्चीवर. नवरा मोंढ्यात हमाली करताना पोत्याखाली आला, तेव्हापासून त्याच्या पाठीत दम नव्हता. घर यांच्यावर. पोरगी बारावीला लातुरात शिकायला होती, पण पाण्यापायी हॉस्टेल रिकामं केलं म्हणून तीही घरी आलेली. ताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागचं पान उलटून दाखवलं. पेन्सिलनं चार नंबर लिहिलेले, प्रत्येकापुढे बरोबरची खूण.

"हे काय?"

"सकाळी मशीन जो नंबर दावतंय तो लिवते. ती गाडी आली की खूण करते."

"आली की? म्हणजे?"

"त्याच दिवशी येतीय," ताई म्हणाल्या. "चारी आल्या. त्याच्या आधी कधी आल्या न्हवत्या."

मी हसलो. अगदी दात दाखवून. दुसऱ्या सकाळी मीच खुर्चीत बसून मशीन चालू केलं. मेसेज आला. एमएच सव्वीस – माझ्याच नांदेडचा नंबर. (पूर्ण नंबर देत नाही, गाडीवाल्याला उगाच ताप नको.) जुन्या सगळ्या नोंदी चाळल्या. मशीनमधल्या, वहीतल्या. हा नंबर कधीच कुठेच नव्हता. मशीनचं घड्याळ पुढं गेलंय का बघितलं. मिनिटाचाही फरक नव्हता. इंटरनेटची वायर काढून टाकली.

बाराच्या सुमाराला मुखेडकडून तुरीची पोती घेऊन एक टेम्पो फाटकात शिरला. नंबर तोच.

सुनंदाताईंनी पेन्सिल उचलली आणि खूण केली.

आता तुम्हाला वाटेल मला घाम फुटला, अंगावर काटा आला. छे. मला राग आला! कुणीतरी मला गंडवतंय. आणि माझ्यासारख्या हुशार माणसाला गंडवणारा सापडलाच पाहिजे, या खुमखुमीत मी कामाला लागलो.

माझा तर्क ऐका. आदल्या संध्याकाळी कुणीतरी उद्याच्या गाडीचा नंबर मशीनमध्ये भरून ठेवतं. कशाला? तर असा अर्धवट नंबर घालून ठेवला की त्याचं पहिलं वजन हातानं भरता येतं. हातानं भरता येतं म्हणजे वाटेल ते भरता येतं. पोत्यात दगड नको, गाडीत पाणी नको, नुसत्या बोटांनी माल वाढतो. मग हे कोण करू शकतं? केबिनमध्ये बसणारं माणूस. आणि कॅलेंडरवर लिहून ठेवायचं नाटक कशाला? संशय येऊ नये म्हणून! मला तर ते फारच पटलं. स्वतःचं म्हणणं स्वतःला इतक्या लवकर पटतं तेव्हा सावध व्हावं, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

मग कॅलेंडरवरच्या दुसऱ्या नंबराची चौकशी केली. तो पाण्याचा टँकर निघाला. डाळ भिजवायला मिलला पाणी लागतं, बोअर आटली होती, टँकर अर्धे येतात म्हणून आप्पा तेही तोलून घेत. आणि तो टँकर चालवत होता बालाजी. सुनंदाताईंचा सख्खा भाऊ.

सापडलं! मी ताईंना विचारलं, "बालाजी तुमचा कोण?"

"भाऊ. का?"

"त्याचा टँकर इथं येणार हे तुम्हाला आधी ठाऊक होतं."

"त्यालाच ठाऊक नसतंय. विहिरीवर गेल्यावर सांगत्यात कुठं जायचं ते."

"मग मशीनला नंबर कुणी सांगितला?"

"मला न्हाई माहीत."

"असं कसं? खुर्चीवर तुम्ही—"

"मशीन तुमी बसवलंय," ताई शांतपणे म्हणाल्या. "तुमीच सांगा की."

या उत्तरानं मी जास्तच पेटलो. आप्पांकडे गेलो. आप्पा गादीवर बसून निवेदनावर सह्या मोजत होते. माझं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "सात वर्षं झाली इंजिनियर. एका किलोचा फरक न्हाई तिच्या हातून. तुमचा शक चुकतोय."

"आप्पा, मोठा हात मारणारा आधी सात वर्षं विश्वासच कमावतो."

हे वाक्य मला कुठून सुचलं ठाऊक नाही. पण आठवलं की आजही आपल्याच हातानं आपल्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. आप्पांचा चेहरा पडला. सह्या मोजायचं थांबलं. "मंग करा काय तपास करायचा तो," एवढंच म्हणाले.

तपास मी जोरदार केला. आख्खं मशीन पुसून कोरं केलं. सिस्टिम नव्यानं, प्रोग्राम नव्यानं, जुनी एकही नोंद आत घेतली नाही. जिल्हासुद्धा परत लातूर केला. आप्पा कळवळले, "त्यो बिचारा काय करतोय?" पण पुराव्याच्या कामात भावनेला जागा नाही, असं मी म्हणालो. (हो, असंच म्हणालो.) पासवर्ड फक्त मला माहीत. केबिनला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. आणि ताईंना सांगितलं, उद्या सकाळी येऊ नका, दुपारी या.

दुसऱ्या दिवशी मीच कुलूप काढलं, मशीन चालू केलं. मेसेज नाही! बंद करून परत चालू केलं, तीनदा. स्वच्छ. आप्पांना बोलावून दाखवलं. "बघा. माणूस बाजूला झालं, भूत गेलं."

मिलमध्ये सगळं शांत होतं. हमाल निंबाच्या सावलीला आडवे झाले होते, फाटक अर्धं लोटलेलं होतं. मला वाटलं, माझ्या धाकानं असेल.

दुपारी ताई आल्या. आप्पांनी त्यांना फार वेळ उभं ठेवलं नाही. केबिनच्या कपाटाची किल्ली मागितली. ताईंनी पदराच्या गाठीतून सोडून गादीवर ठेवली. रडल्या नाहीत, हात जोडले नाहीत. म्हणाल्या, "आप्पा, तुमी जा म्हणता तर जाते. पोरीची बारावी हाय, दुसरीकडं काम बघीन. पण चोर म्हणून न्हाई जात मी." मग माझ्याकडे बघितलं. मी प्रिंटरची वायर तपासत होतो. तपासायला काही नव्हतं, पण तपासत होतो.

त्या मुक्कामाला लॉजवर मला अर्धी बादली पाणी मिळालं आणि मी ते विजयी वीरासारखं अंगावर घेतलं.

सकाळी निघण्याआधी मिलमध्ये गेलो. ताईंच्या जागी सोमवारपासून आप्पांचा पुतण्या बसणार होता, त्याच्यासाठी पासवर्ड लिहून द्यायचा होता. कुलूप मीच उघडलं. कीबोर्डवर काही नव्हतं. नेट नव्हतं. मशीनमध्ये आतापर्यंत एकही गाडी तोललेली नव्हती. बटण दाबलं.

'सेकंड वेट पेंडिंग.' खाली नंबर. केए अडतीस – म्हणजे बिदरकडची गाडी. 'फर्स्ट वेट रेकॉर्ड नॉट फाउंड.'

आप्पा बाहेर हात धूत होते. तिथूनच ओरडले, "काय म्हणतंय मशीन?"

आता या ठिकाणी मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतं, मलाही कळत होतं. मी काय केलं? ओके दाबलं. "काही नाही आप्पा, साफ!" असं म्हणालो आणि पिशवी उचलली. काल एका बाईचं काम घालवलंय आणि आज मशीन मलाच खोटं पाडतंय... मला फक्त साडेदहाची मुखेडची गाडी पकडायची होती. एकदा उदगीरच्या बाहेर पडलो की हा मेसेज मी बघितलाच नव्हता.

फाटकाशी मारुती हमाल उभा होता. मी उगाच बोलायला म्हणून म्हणालो, "काय, काल आराम झाला म्हणायचा तुम्हा लोकांना."

"मंग? अमावस्या नव्हती का काल," मारुती म्हणाला. "मोंढा बंद. गाडी कुठून येईल?"

मी तिथंच थांबलो. अमावस्येला मोंढा बंद असतो हे मराठवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी नांदेडच्या मोंढ्याशेजारी लहानाचा मोठा झालोय. काल एकही गाडी येणार नव्हती, म्हणून एकही नंबर आला नव्हता. आणि ते मी पुरावा म्हणून आप्पांच्या पुढ्यात ठेवलं होतं. लोकांच्या गोष्टीत अमावस्येला भूत येतं, आमच्या गोष्टीत त्याला मोंढ्याबरोबर सुट्टी होती!

तेवढ्यात वळणावरून कडब्यानं भरलेला ट्रक आला. पेंढ्या इतक्या वर रचलेल्या की फाटकाच्या कमानीला घासल्या. नंबर वाचायच्या आधी मला कळलं होतं. तरी वाचला. दोनदा वाचला, मग बोनेटवर हात ठेवून तिसऱ्यांदा वाचला.

ड्रायव्हर खाली उतरला. "काटा चालू हाय का?"

"तुला इथं कुणी पाठवलं?" मी त्याची गचांडीच धरायची बाकी ठेवली होती.

"आँ?"

"कुणी सांगितलं इथं यायला? कधी ठरलं?"

"अरे भाऊ, औशाला चारा छावणीवर जाऊन राहिलो. पुढच्या नाक्यावर तोलणार होतो, तिथं लाइट न्हाई. चहावाल्याला विचारलं, त्यानं इकडं बोट केलं. काय झालं?"

"सुनंदाताईला ओळखतोस?"

"कोण सुनंदा?"

"तुला सकाळी ठाऊक होतं का इथं येणार ते? खरं सांग!"

"गोत्तिल्ल री!" तो वैतागून कानडीत म्हणाला, मला माहीत नाही बाबा. मग क्लीनरकडे वळून कपाळाशी बोट फिरवलं. क्लीनर हसला.

काटा चालवायला दुसरं कुणी नव्हतं. मीच केबिनमध्ये गेलो, मीच पहिलं वजन घेतलं. माझ्या हातानं तो नंबर टाइप केला. मशीननं काही कुरकुर न करता पावती दिली. येताना रिकामी गाडी तोलतो म्हणून ड्रायव्हर गेला, आणि आता खरोखरच त्या गाडीचं दुसरं वजन बाकी राहिलं.

आप्पा दारात उभे होते. "साडेदहाची गेली की तुमची."

मग मी सांगितलं. सकाळचा मेसेज, माझं खोटं, अमावस्या, कडबा, सगळं. आप्पा तिथंच उंबऱ्यावर बसले. मग एक एक बोट मोडत म्हणाले, "मशीन कोरं कुणी केलं?"

"मी."

"किल्ली कुणाच्या खिशात?"

"माझ्या."

"मेसेज कुणी बघितला?"

"मीच..."

"मंग मी आता कुणावर शक घ्यायचा, इंजिनियर?"

मी म्हणालो, "आप्पा, मला खरंच माहीत नाही." बोलताना माझं मलाच ऐकू आलं. ताईंचंच वाक्य. ताईंचाच सूर.

"ती चोर असल तर तुमी बी चोर," आप्पा म्हणाले. "तुमी चोर न्हाई म्हणता, तर ती बी न्हाई. जा, घेऊन या तिला. मी येणार न्हाई. जीभ तुमची होती."

स्टेशनच्या मागच्या गल्लीत ताईंचं घर. गल्लीत टँकर लागला होता आणि घागरी, कॅन, पातेल्यांची रांग वळून पार मारुतीच्या देवळापर्यंत गेली होती. ताई रांगेत होत्या. मी जवळ जाऊन घसा खाकरला.

"ताई, जरा बाजूला येता का?"

"नंबर जाईल माझा. हितंच बोला."

"ह्ये कोण गं?" मागची म्हातारी म्हणाली.

"ह्ये नांदेडचे इंजिनियर. मला चोर ठरवलं त्ये." असं म्हणून ताईंनी एक भरायची घागर माझ्या हातात दिली. "धरा."

म्हणजे चाळीस बायांच्या रांगेत, हातात घागर, गळ्यात लॅपटॉपची पिशवी, असा मी उभा राहिलो आणि माफी मागितली. नुसती माफी चालेना. "मोठ्यानं बोला," म्हातारी म्हणाली, "मला कमी ऐकू येतंय." मी मोठ्यानं सांगितलं. ताईंचा काही दोष नाही, मशीन मी कोरं केलं, ताई नसताना नंबर आला, आणि त्याच नंबरची गाडी आली.

एकदम हशा झाला. "मशीनला आधी कळतंय म्हनं!"

"मंग त्याला इचारा की जिल्हा कधी होणार!"

"जिल्हा मरू द्या, पाऊस कधी ते इचारा!"

"सकाळी सकाळी घेतली का ओ सायेब?"

मी शपथा घेतल्या. जितक्या घेतल्या तितक्या त्या जास्त हसल्या. एकट्या सुनंदाताई हसल्या नाहीत. रांग सरकली तशी त्यांनी पायानं कॅन पुढे ढकलला.

"मी तुमाला काय म्हणले व्हते?"

"माहीत नाही म्हणाला होता."

"येवढंच म्हणले व्हते ना? जास्त कायी म्हणले?"

"नाही."

"तेवढं बी खरं वाटंना तुमाला." मग पदर खोचत, "घागर भरू द्या. पाणी घरात ठेवते अन् येते. पोरगी सकाळपासून जेवली न्हाई."

त्या दुपारी त्या खुर्चीत परत बसल्या. संध्याकाळी कडब्याची गाडी रिकामी होऊन आली, ताईंनी दुसरं वजन घेतलं, कॅलेंडरवर तो नंबर लिहिला आणि खूण केली. मी ते बघूनच निघालो. महिनाभरात आप्पांनी देखभालीचं काम माझ्याकडून काढून लातूरच्या एकाला दिलं. बरोबरच केलं.

आता स्पष्टीकरण. मी ते पुष्कळ शोधलं. प्रोग्राम बनवणाऱ्या हैदराबादच्या लहानशा कंपनीला फोन केला. तिथल्या माणसानं मेसेज अक्षरन् अक्षर विचारून घेतला, बराच वेळ काहीतरी शोधलं आणि म्हणाला, असा मेसेज आमच्या प्रोग्राममध्ये नाहीच. पहिल्या वजनाची नोंद नसेल तर दुसऱ्याचा प्रश्नच येत नाही, तो लिहील कशाला? फोटो आहे का? फोटो मी काढला नव्हता. ओके दाबायची घाई होती ना. माझे मित्र म्हणतात योगायोग. सहा गाड्या? एक जण म्हणाला, तू नंबर नंतर जुळवून घेतलास. आणि माझ्या बायकोला आजही पक्कं वाटतं की त्या काट्यावर माझी कुणीतरी मिळून मस्करी केली. ती सांगते तेव्हा मलाही तसंच वाटायला लागतं. मग तो ड्रायव्हर आठवतो, कपाळाशी बोट फिरवणारा. चहावाल्यानं दुसरीकडं बोट केलं असतं तर काय झालं असतं? सकाळी मशीनवर काय आलं असतं? इथं माझी गाडी अडते.

उदगीर अजून लातूर जिल्ह्यातच आहे. आप्पा थकले, पण पाट्या अजून गोदामात जपून ठेवल्यात म्हणे. सुनंदाताई त्याच खुर्चीवर आहेत. मधे मशीन दोनदा नवीन आलं. मी दिवाळीला फोन करतो, त्या दोन वाक्यांत संपवतात. पोरगी आता लातुरातच नोकरीला आहे.

यंदा फोन केला तेव्हा मीच विषय काढला. "ताई, ते... अजून येतं का हो?"

"कवाकवा येतंय. मी लिवून ठेवते." मग नेहमीसारखा फोन ठेवला नाही. "औंदा एक नंबर आलाय. आठ दिस झाले, रोज सकाळी त्योच येतोय. गाडी अजून आली न्हाई. अशी येळ पयलीच."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमच्या नांदेडचा हाय. वाचून दावू का?"

आदल्याच महिन्यात मी एक जुनी व्हॅन घेतली होती, नांदेडच्याच नंबरची. बाहेर रस्त्याच्या कडेला उभी होती, खिडकीतून मला तिचं टप दिसत होतं.

"नको ताई," मी म्हणालो. "तुम्ही म्हणता ना? मग आलाय."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.